ईमेलमधली फाईल भलत्याच ॲपमध्ये उघडतेय? हे करून बघा

हॉल तिकिटाची पीडीएफ ईमेलवर आली, पण टॅप केल्यावर पीडीएफ रीडरऐवजी दुसरंच ॲप उघडतंय? घाबरू नका. बऱ्याचदा फाईल ठीक असते, घोळ सेटिंगमध्ये असतो.

असं का होतं?
एखादी फाईल उघडण्यासाठी फोनमध्ये अनेक ॲप्स असतील तर अँड्रॉइड विचारतं: 'जस्ट वन्स' की 'ऑलवेज'? घाईत 'ऑलवेज' दाबलं, की पुढे तशा फाईल्स थेट त्याच ॲपमध्ये उघडतात.

उपाय
१. सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मध्ये जाऊन ते नको असलेलं ॲप निवडा.
२. 'ओपन बाय डीफॉल्ट'मध्ये जाऊन डीफॉल्ट क्लिअर करा. फोननुसार पर्यायांची नावं थोडी वेगळी दिसतील.
३. फाईल परत उघडा आणि योग्य ॲप निवडून 'जस्ट वन्स' दाबा. नीट उघडली, तर पुढच्या वेळी 'ऑलवेज' करा.

तरीही जमत नाही?
अटॅचमेंटसोबत तिचा प्रकार सांगणारं एक लेबल येतं, त्याला 'माइम टाइप' म्हणतात. पाठवतानाच ते चुकलं, तर फोन गोंधळतो. अशा वेळी फाईल डाउनलोड करून फाईल मॅनेजरमधून उघडा.

हे नक्की तपासा
फाईलचं पूर्ण नाव वाचा. शेवटी 'डॉट एपीके' असेल, तर ते हॉल तिकीट नाही, ॲप आहे. इन्स्टॉल करू नका, लगेच डिलीट करा. आणि तिकीट परीक्षेच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या.