चाकांचा पवित्रा

आखाड्यात उतरलेला पैलवान सलामी झाली की पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, अंगाचा सारा भार दोन्ही पावलांवर सारखा वाटून उभा राहतो, आणि त्या उभे राहण्याला आपल्या भाषेत पवित्रा असे फार नेमके नाव आहे. पुढे चालकाची बंदिस्त बैठक आणि मागे उघडा हौदा असा जो पिकअप ट्रक अमेरिकेत शेतकऱ्यापासून गवंड्यापर्यंत आणि अलीकडे केवळ हौसेपोटी गाडी बाळगणाऱ्या शहरी तरुणापर्यंत सर्वांच्या दारात उभा असतो, त्याची चाके दोन्ही अंगांना जितकी बाहेर काढता येतील तितकी काढावीत, असा छंद त्या देशात दोन-तीन पिढ्या चालत आला आहे. आणि त्या छंदाची कैफियत विचारली तर छंदी मनुष्य गुरुत्वमध्य, स्थैर्य, वळणावरील पकड अशी शास्त्रीय कारणे भराभर सांगतो. ती कारणे खोटी नाहीत. परंतु इतिहास पाहू जाता असे दिसते की चाकांमधील अंतर कधी रस्त्याने ठरवले, कधी वर बसवलेल्या सांगाड्याने, कधी शेजाऱ्याच्या गाडीने, आणि शास्त्राला बहुधा मागाहून साक्षीस बोलावण्यात आले.

रस्त्याचा अंमल काय असतो हे काळ्या रानातून बैलगाडी हाकलेल्या माणसास सांगावे लागत नाही. पावसाळ्यात धावा चिखलात रुततात, त्यांच्या मागे दोन खोल रेघा उमटतात, आणि दिवाळीनंतर उन्हे तापू लागली की त्याच रेघा विटेसारख्या कठीण होऊन बसतात. मग पुढचा पाऊस येईपर्यंत त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक गाडीला त्या चाकोरीतच चालावे लागते. ज्या गाडीचा आस गावच्या रिवाजापेक्षा चार बोटे लांब वा आखूड असेल, तिचे एक चाक खळग्यात आणि दुसरे वरंब्यावर, अशी ती लंगडत जाते, आणि लंगडता लंगडता एखाद्या उतारावर आस मोडून घेते. आज चाकोरी हा शब्द आपण माणसाच्या विचारांविषयी आणि तोही निंदेच्या सुरात वापरतो. परंतु मूळची चाकोरी ही गाडीवानाची सोय होती, आणि सुताराला तिच्या मापाबाहेर जाण्याची मुभा नव्हती.

अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. १९०४ साली तेथील सरकारने सर्व सार्वजनिक रस्त्यांची गणती केली, तेव्हा सुमारे साडेएकवीस लाख मैलांपैकी जेमतेम सात टक्के रस्ते खडी, माती-वाळूचे मिश्रण यांसारख्या कोणत्या तरी उपायाने सुधारलेले आढळले. बाकी सारा मुलूख चाकोऱ्यांचा होता. म्हणूनच हेन्री फोर्ड यांची प्रसिद्ध मॉडेल टी मोटार १९०८ साली निघाली, तेव्हा तिच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर प्रचलित गाड्यांप्रमाणे ५६ इंच ठेवण्यात आले. पण दक्षिणेकडील राज्यांत माल वाहणाऱ्या गाड्यांची चाकोरी ६० इंचांची असल्यामुळे तेथील गिऱ्हाइकांसाठी ६० इंचांची निराळी बांधणीही त्या आरंभीच्या वर्षांत कारखान्याने ठेवली होती. रंगाच्या बाबतीत पुढे ज्या कारखान्याने काळ्याखेरीज दुसरा पर्यायच ठेवला नाही, त्याने चाकांच्या अंतराच्या बाबतीत मात्र दक्षिणेतल्या चिखलापुढे मान तुकवावी, हे मला मोठे बोलके वाटते. अमेरिकन मोटारीची चाके बाहेर काढण्याचा एक आद्य प्रयत्न तो हाच, आणि त्यात ऐट अथवा शर्यत यांचा लवलेश नव्हता.

याच मॉडेल टीला मागे हौदा जोडून फोर्ड कंपनीने १९२५ च्या एप्रिलमध्ये २८१ डॉलर किमतीचा पहिला पिकअप बाजारात आणला. त्याचा हौदा जेमतेम ४० इंच रुंद होता, म्हणजे तो दोन चाकांच्या मध्ये बसत असे आणि चाके दोन्ही बाजूंस मोकळी दिसत. पुढची तीस वर्षे पिकअपची ठेवण बहुतांशी अशीच राहिली: अरुंद हौदा, त्याच्या दोन्ही अंगांना फुगीर मडगार्ड, आणि हौद्यात वाकून सामान काढण्यासाठी चाकापुढे एक पायरी. या काळात रस्ते डांबरी आणि सिमेंटचे होत गेले, चाकोरी बुजली, आणि आसाच्या लांबीवर हुकूम चालवणारा तो जुना धनी नाहीसा झाला. परंतु आश्चर्य असे की अंतर किती ठेवावे याविषयी त्यानंतरही फारसा कोणी विचार केला नाही, कारण डोळ्यांना त्यात काही खटकत नव्हते.

खटकू लागले ते १९५५ नंतर. त्या वर्षी शेव्हरोले कंपनीने ‘कॅमिओ’ नावाच्या पिकअपच्या अरुंद हौद्याला बाहेरून फायबरग्लासची सपाट कातडी चढवली, त्यामुळे बैठकीच्या रुंदीपासून मागच्या टोकापर्यंत गाडीची बाजू एका रेषेत आली. १९५७ साली फोर्डने हौदाच तितका रुंद केला, आणि १९५८ साली शेव्हरोलेने त्याचेच अनुकरण केले. सामान जास्त मावू लागले, गाडी शहरी दिसू लागली; पण आस होता तिथेच राहिल्यामुळे चाके त्या नव्या रुंद अंगरख्याखाली आत, अंधारात गेली, आणि मागून पाहणाऱ्याला थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या मुलाची आठवण व्हावी असे ते ध्यान दिसू लागले. मोटारींच्या बाबतीत हाच दोष पाँटियाक कंपनीच्या आरेखकांच्या लक्षात आला होता. तिचे प्रमुख नूडसेन यांनी १९५९ च्या मॉडेलची चाके जवळजवळ पाच इंचांनी बाहेर काढण्याची तजवीज केली आणि ‘वाइड ट्रॅक’ ही घोषणा घरोघर पोचवली. त्या जाहिरातींनी अमेरिकन माणसाच्या दृष्टीला जे वळण लावले ते अद्याप सुटलेले नाही.

कारखाने पिकअपकडे वळण्यापूर्वी कॅलिफोर्नियातील तरुणांनी आपापल्या गल्लीतील वर्कशॉपात यावर उपाय शोधून ठेवला होता. पोलादी चाकाची रिम आणि तिच्या पोटातील तबकडी हे दोन भिन्न भाग असतात, आणि तबकडी रिमच्या मधोमध नसून एका कडेकडे सरकलेली असते. ही मंडळी त्यांचा सांधा तोडीत, रिम उलटी फिरवीत, आणि पुन्हा वेल्डिंग करून घेत. मग जी खोल बाजू आत ब्रेककडे असे ती बाहेर येई, टायर दीड-दोन इंच बाहेर सरके, आणि त्या खोलगट भागावर क्रोमचा मुलामा चढवला की रस्त्यावरचे दिवे त्यात नाचत. पुढे हे कष्टही कमी झाले. हब आणि चाक यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती, म्हणजे स्पेसर, बसवण्याची रीत पडली. चकतीचे मधले भोक हबच्या उंचवट्यावर घट्ट बसले नाही तर सारा भार बोल्टांवर येतो आणि ठरावीक वेगाला सुकाणू थरथरू लागते; म्हणून जाणता मिस्त्री आधी तारेच्या ब्रशने हबवरचा गंज खरवडतो, नट एकाआड एक आवळतो, आणि गाडी शे-पन्नास किलोमीटर फिरवून आणल्यावर पुन्हा एकदा पाना लावतो. एवढे करूनही बेअरिंगची सुटका नाही. चाक जितके बाहेर जाईल तितकी तरफ लांब होते आणि बेअरिंग लवकर झिजते. शिवाय सुकाणू पुरते वळवले की टायरची कड मडगार्डला घासते, आणि मालक करवत शोधू लागतो.

शास्त्राच्या साक्षीचाही येथे विचार करावा. चाकांतील अंतराच्या निमपटीला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता जो आकडा येतो, तो गाडी उलटण्याला किती विरोध करील याचे ढोबळ माप होय, आणि अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा खात्याने २००१ च्या मॉडेलांपासून याच मापावर गाड्यांना तारका देण्यास प्रारंभ केला. उदाहरणादाखल अंतर ६६ इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंच उंचीवर धरला, तर आकडा १.१८ येतो, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाची चकती घातली तर तो १.२३ वर जातो, आणि हा लाभ उपेक्षणीय नव्हे. पण ज्याला चाके बाहेर हवी असतात त्याला बहुधा मोठे टायर आणि उंच स्प्रिंगाही हव्या असतात. त्यापायी गुरुत्वमध्य तीन इंच जरी वर चढला तरी आकडा १.११ वर येतो, म्हणजे खर्च करून मनुष्य मूळ स्थितीहून खाली उतरतो. हे गणित पाचवीच्या मुलाला समजण्यासारखे आहे. छंदाला ते समजत नाही.

ज्यांनी केवळ गरजेपोटी अंतर वाढवले त्यांचे उदाहरण जीपचे. महायुद्धातील जीपच्या चाकांतील अंतर चार फुटांच्या आसपास होते, आणि तिच्या नागरी वंशजांच्या उलटण्याविषयीच्या तक्रारी १९८० पर्यंत अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर पोचल्या होत्या. १९८२ साली त्या वंशजांपैकी सीजे-७ आणि तिचे पिकअप भावंड ‘स्क्रॅम्बलर’ यांना चार ते पाच इंचांनी रुंद अंतराचे ॲक्सल देण्यात आले. त्याच जीपची एक शाखा महिंद्रांच्या हातून मुंबईत रुजली आणि घाटावरच्या गावागावांत पसरली, हे येथे सांगावयास हवे. मात्र आपल्याकडे कोणा हौशी मालकास चाके बाहेर काढण्याची लहर आली तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

अमेरिकन कारखान्यांनी स्वतः रुंद पवित्रा घेतला तो प्रथम भारासाठी आणि मग शर्यतीसाठी. १९७३ साली जनरल मोटर्सने मागील ॲक्सलवर प्रत्येक बाजूस दोन-दोन चाके असलेला पिकअप काढला, आणि ती जोडचाके झाकण्यासाठी हौद्याला फुगीर कुशी जोडल्या. शर्यतीची वाट मेक्सिकोतून गेली: १९६७ पासून बाहा द्वीपकल्पाच्या वाळवंटात ज्या शर्यती सुरू झाल्या, त्यांत चाकांना वर-खाली पुष्कळ हलू देण्यासाठी लांब भुजा लागत, आणि लांब भुजा म्हणजे ओघानेच रुंद गाडी. तेथील वारसा सांगणारा फोर्डचा ‘रॅप्टर’ २०१० च्या मॉडेलांत आला, तेव्हा तो आपल्या साध्या भावंडापेक्षा सुमारे सात इंच रुंद होता. एवढ्या रुंदीमुळे तो एका जुन्या सरकारी नियमात सापडला: ८० इंच वा त्याहून अधिक रुंदीच्या वाहनाने, समोरून येणाऱ्याला अंधारात अंदाज यावा म्हणून, पुढे पिवळे दिवे लावलेच पाहिजेत. कारखान्याने जाळीच्या मधोमध तीन छोटे दिवे निमूटपणे बसवले. आता तसलेच तीन दिवे सुट्या भागांच्या दुकानांत डबीत मिळतात, आणि ज्यांच्या गाड्या ८० इंच भरत नाहीत असे मालक ते विकत नेऊन, जाळीला भोके पाडून, बसवून घेतात.