जमिनीखालची गोदावरी

नांदेडच्या घाटांवरून वाहणारी गोदावरी आपण उघड्या आभाळाखाली पाहतो. त्याच नावाचे एक यंत्र मात्र मुंबईच्या पोटात उतरले आणि 2018 मध्ये विमानतळाच्या टर्मिनल 2 जवळ खडक फोडून भुयारी स्थानकाच्या खड्ड्यात निघाले. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या 33.5 किलोमीटरच्या मेट्रोसाठी अशी 17 यंत्रे कामाला लावली होती. कृष्णा, वैनगंगा, तानसा, वैतरणा अशी नद्यांची नावे त्यांना दिली होती.

यंत्राची रीत समजायला अवघड नाही. पुढचे फिरते तोंड पोलादी चकत्यांनी खडक भरडते. भरड मागे वाहून नेली जाते आणि लगेच काँक्रीटच्या तयार तुकड्यांचे कडे बसवले जाते. त्या कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे सरकते. वरच्या इमारतींना धक्का लागू नये, हीच खरी कसोटी.

शहराखाली खोदण्याची ही विद्या मराठवाड्याला मात्र परकी नाही. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने 1610 च्या सुमारास खडकी वसवली; तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. या शहरासाठी त्याने डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून आणले. ठरावीक अंतरावर उभे कूप, त्यांना खालून जोडणारी वाट आणि पाण्याला पुढे नेईल एवढाच उतार. काम सारे माणसांच्या हातांचे, दख्खनच्या त्याच काळ्या पाषाणात.

मलिक अंबर 1626 मध्ये वारला. नहरीने पुढे कित्येक पिढ्यांची तहान भागवली. मग नळ आले आणि नहरीचा विसर पडला. कुठे गाळ साचला, कुठे कूपांवर बांधकामे झाली. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याची निगा कोण राखणार? ज्या मराठवाड्यात अशी विद्या नांदली, तिथल्याच लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दुष्काळ हे त्याचे कारण खरेच, पण जमिनीखालच्या पाण्याबाबतची आपली बेफिकिरीही त्यात होती.

मुंबईची ही मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. यंत्रांचे काम संपले, माणसांचे सुरू झाले. भुयार खणायला काही वर्षे लागतात. ते सांभाळायचे असते पिढ्यान्‌पिढ्या. पायाखाली काय आहे, हे शहराने लक्षात ठेवले पाहिजे. मलिक अंबरच्या नहरीने आपल्याला एवढे तरी शिकवावे.