दुधाच्या दातांची साक्ष

इतिहासाचा पुरावा म्हणजे पोथी, असे या देशात फार काळ मानले गेले; आणि पोथी कोणाच्या हाती होती, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. १९४८ साली ‘दि अनटचेबल्स’ लिहिताना बाबासाहेबांना गोमांसाशनाचा प्रश्न त्याच ग्रंथांत शिरून उलगडावा लागला. जमिनीखालचा पुरावा शास्त्रशुद्ध वाचणारे हात तेव्हा थोडे होते. मॉर्टिमर व्हीलर यांनी तक्षशिलेस तरुणांना थरवार उत्खनन शिकविले, ते १९४४ मध्ये.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. अशा ठिकाणी नवा संशोधक शिकतो ते तरी काय? माती चाळणे, जळके दाणे वेचणे, हाडावरचा घाव हत्याराचा की कुत्र्याच्या दाताचा हे ओळखणे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या या वस्तीत गुरांची तोडलेली, भाजलेली हाडे निघाली. हाडाला सोवळे कळत नाही!

त्याहून बोलके आहेत दात. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत तान्ही मुले पुरलेली होती. दात घडत असताना उपासमार वा आजार झाला तर त्याच्या कवचावर खळगा राहतो, आणि तो पुढे बुजत नाही. या मुलांच्या दुधाच्या दातांवर असे खळगे अभ्यासकांना आढळले. ज्यांच्या भुकेची कोणी नोंद ठेवली नाही, त्यांची नोंद अशी राहिली.

पण सावधगिरीही शिकावी लागते. इनामगावात कारागिरांची घरे वस्तीच्या कडेला होती, हे वाचताच आपल्याला गावकुसाची आठवण होते. मीही प्रथम तसाच दचकलो. परंतु कडेला असणे म्हणजे बहिष्कृत असणे नव्हे; भट्टीचा धूर हेही कारण असू शकते. ही शिस्त नसेल तर आपणही पोथीवाल्यांचीच चूक करू.

अडचण वेगळीच आहे. आपली मुले बहुधा कला शाखेतून इतिहासाकडे येतात. रसायन, प्राणिशास्त्र शाळेतच सुटलेले असते, आणि प्रयोगशाळेचे दार तेथेच बंद होते. ते उघडावयाचे तर पदव्युत्तर वर्गात प्रवेश देऊन भागत नाही. हाडे, दाणे, माती हाताळण्याचा पहिला धडा, शिष्यवृत्तीसह, पदवीच्या पहिल्याच वर्षी मिळाला पाहिजे. खोदताना मातीचा रंग बदलला हे प्रथम मजुराच्या हाताला कळते. अहवालात मात्र त्याचे नाव क्वचितच असते.