लक्ष्मीबाई कर्व्यांची पत्रे

धंद्यातला भागीदार एकाएकी नाहीसा झाला की लोकांचा संशय प्रथम मागे राहिलेल्या भागीदारावर जातो. व्यवहाराच्या किल्ल्या त्याच्याच हाती असतात आणि गेलेल्याची हकिकतही तोच सांगत असतो. या दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे हकिकतीकडे, वाङ्मयाच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहायला हवे, असे आम्हांला वाटते. त्या दृष्टीने पुण्यातील लक्ष्मीबाई कर्वे प्रकरण पुन्हा वाचण्याजोगे आहे.

लक्ष्मीबाई पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या, बऱ्यापैकी मालमत्ता असलेल्या विधवा. त्यांना मधुमेह आणि क्षय हे दोन्ही विकार होते. डॉ. अनंत चिंतामण लागू हा त्यांचा भाडेकरू आणि त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर. पैशाच्या व्यवहारातही बाईंचा त्याच्यावर विश्वास होता. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईच्या एका तज्ज्ञाला दाखवायचे म्हणून तो त्यांना रेल्वेने घेऊन निघाला. पहाटे बोरीबंदरला गाडी पोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात त्यांची नोंद 'लक्ष्मीबाई कर्वे' या नावाने झालीच नाही. तेथे वेगळेच नाव सांगण्यात आले. १३ तारखेला दुपारपूर्वी त्या वारल्या. देह ताब्यात घ्यायला कोणी आले नाही. मुंबईत एक अनोळखी प्रेत उरले आणि पुण्यात एक बाई बेपत्ता झाली; या दोन घटनांचा परस्परांशी संबंध आहे हे पुढे वर्षभराहून अधिक काळ कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते येऊ नये याची व्यवस्था पत्रांनी केली. बाईंच्या नावाने आप्तांना पत्रे येऊ लागली. त्यांचा मथितार्थ असा, की आपण पुन्हा विवाह केला आहे, दूर देशी सुखात आहोत आणि परतण्याचा विचार नाही. त्याच काळात खोट्या सह्यांच्या आधारे त्यांचा पैसा लागूकडे वळत होता.

पत्रे बनावट होती हे सर्वांना ठाऊक झाले आहे. तथापि त्यांवर विश्वास का बसला, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. म्हणजे लक्ष्मीबाई गेल्या त्या वर्षी त्याला बरोबर शंभर वर्षे झाली होती. याच पुण्याशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला होता आणि लागूला अटक झाली त्याच १९५८ साली त्यांना 'भारतरत्न' मिळाले. आडनावाचे साम्य हा निव्वळ योगायोग. पण त्यातून एक विसंगती डोळ्यांपुढे येते. विधवेने पुन्हा लग्न केले, ही गोष्ट १९५६ मध्ये खरी वाटण्याइतकी रुळली होती. मात्र तिची मोकळेपणाने चौकशी करण्याइतकी सर्वसंमत झाली नव्हती. आप्तांना चारचौघांत तो विषय काढणे अवघड गेले असेल, असे आम्ही अनुमान करतो. पत्रलेखकाला वाचकाची ही अडचण नेमकी कळली होती. अर्धवट पचलेल्या सुधारणेच्या आडोशाला गुन्हा असा सुरक्षित राहू शकला.

अखेर नातेवाइकांच्या तक्रारींमुळे तपास झाला. व्हिसेऱ्यात विष सापडले नव्हते. सत्र न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. न्या. हिदायतुल्ला यांच्या बहुमताच्या निकालपत्रात मृत्यूनंतरच्या वर्तनाला, म्हणजे खोट्या नावाला, पत्रांना, पैशाच्या अपहाराला, मोठे वजन आहे. न्या. सरकार यांनी मात्र विषप्रयोग सिद्ध झालेला नाही, असे भिन्न मत नोंदवले.

ते मत केवळ तांत्रिक म्हणून बाजूला सारू नये. इंग्लंडात कॅम्पडेन येथे १६६० मध्ये विल्यम हॅरिसन बेपत्ता झाला. त्याच्या खुनाबद्दल नोकर, नोकराची आई आणि भाऊ अशा तिघांना फाशी झाली आणि १६६२ मध्ये हॅरिसन जिवंत परतला. तेथे घात झाला तो नोकराने स्वतःच रचलेल्या कबुलीजबाबाने. म्हणजे खोटी हकिकत गुन्हेगाराला लपवू शकते, तशीच निरपराध्याला फासावरही चढवू शकते. लक्ष्मीबाईंच्या प्रकरणात निदान देह होता, शवविच्छेदन होते, लेखी पुरावा होता. संशय आणि शाबिती यांतले अंतर न्यायालयाने असे एकेक दुवा जोडत कापले.

आमच्या जळकोट-उदगीर भागातून पोटासाठी माणसे पुण्या-मुंबईकडे, हैदराबादेकडे जातात. त्यांतले एखादे परतले नाही, तर "तिकडेच स्थिरावला असेल" एवढ्या वाक्यावर गाव समाधान मानते. बहुधा ते वाक्य खरेच असते. पण ते प्रथम कोणी सांगितले आणि त्या सांगण्याने कोणाची सोय झाली, हे विचारणे संहितेच्या वाचकाला शोभते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हा प्रश्न उशिरा विचारला गेला. तोवर त्यांच्या देहाची वासलात बेवारस म्हणून लागली होती.