प्लेग, लस आणि विश्वास

वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून जागोजागी क्रूस उभे आहेत. त्यांतील अनेक क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात उभारले गेले. घराघरांतून माणसे जात होती, औषध ठाऊक नव्हते. अशा वेळी लोकांनी वस्तीत क्रूस उभारून प्रभूकडे रक्षणाची याचना केली. त्याच दिवसांत तेथून काही मैलांवर, भायखळ्याच्या एका खोलीत, रक्षणाचा आणखी एक प्रयत्न चालू होता. क्रूसांची कथा आपल्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. त्या खोलीची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. ती सांगावी, एवढाच आमचा हेतू आहे.

मुंबईत प्लेग आला आहे, हे प्रथम ओळखणारा डॉक्टर आपल्याच समाजातला होता. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस मांडवी भागात व्यवसाय करीत. सप्टेंबर १८९६ मध्ये तापाने फणफणलेल्या आणि अंगावर गाठी आलेल्या रुग्णांना तपासून त्यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे जाहीरपणे सांगितले. व्यापाराच्या शहराला ही वार्ता रुचणारी नव्हती. तरीही ते मागे हटले नाहीत. पुढे लस टोचण्याच्या कामातही त्यांनी पुढाकार घेतला. धोबी तलाव परिसरातील त्यांचा पुतळा आपण येताजाता पाहतो, परंतु तो कशासाठी उभारला गेला, हे किती जणांना ठाऊक आहे?

शहर हादरले. १८९७ च्या आरंभी मुंबईतील जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली होती. सरकारने घरे तपासण्याचा, रुग्णांना आणि संशयितांना बळाने वेगळे काढण्याचा मार्ग धरला. पुण्यात लष्करी शिपाई घराघरांत शिरले. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने निवर्तल्या. एकाच शहरात, एकाच वर्षी, बळजबरी आणि सेवा अशी साथीची दोन्ही रूपे लोकांनी पाहिली.

भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्देमार हाफकिन दाखल झाले. ते ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले ज्यू. तरुणपणी विद्यापीठातील पदासाठी धर्म बदलण्याची अट पुढे आली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईत त्यांना मिळाली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन मदतनीस.

मांसाच्या रसात त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले. या रसासाठी गोमांस वा डुकराचे मांस न घेता त्यांनी बोकडाचे मांस घेतले, कारण येथील लोकांच्या भावना त्यांनी जाणल्या होत्या. रसावर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात, हेही त्यांनी हेरले. मग उष्णता देऊन ते जंतू मारले, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तिची मोठी मात्रा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण ते सुखरूप राहिले. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. तरुण आगाखान तिसरे यांनीही आपल्या अनुयायांदेखत लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली.

मेलेल्या जंतूने जिवंत जंतूपासून रक्षण व्हावे, हे कसे घडते? या शोधाची एक वाट हाफकिन यांचे ओडेसातील गुरू इल्या मेचनिकॉव यांनी दाखविली. डिसेंबर १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी मुलांच्या नाताळासाठी बागेत एक लहानसे झाड सजविले होते. त्याच बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगात रुतविले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशीही अशाच जंतूंवर धावून जातात आणि त्यांना गिळतात.

हा झाला पहिला पहारा. दुसरा पहारा अधिक निवडक असतो. आपल्या शरीरात बी पेशी आणि टी पेशी असतात. प्रत्येक पेशी एखाद्याच विशिष्ट आकाराला ओळखते, जशी एक किल्ली एकाच कुलपाला लागते. नवा जंतू आला की नेमकी जुळणारी पेशी सापडावी, तिची संख्या वाढावी, तिने प्रतिपिंडे तयार करावीत, यात आठवडा-दोन आठवडे जातात. प्लेगसारखा रोग तेवढा अवधी देत नाही. लस ही मुदत आधीच मिळवून देते. मेलेल्या जंतूचा आकार पाहून शरीर शिकते आणि काही स्मृतिपेशी मागे राहतात. खरा शत्रू आला की त्या त्याला ओळखतात आणि प्रतिकार वेगाने उभा राहतो. ही स्मृती सर्व लसींबाबत सारखी टिकत नाही. हाफकिन यांच्या लसीचे रक्षण काही महिन्यांचेच होते आणि पूर्णही नव्हते. परंतु तिने रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळ घटविले.

१८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. ही जागा मुळात येशूसंघीयांची. इंग्रजांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली होती. सारे सुरळीत चालले असताना ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी आघात झाला. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले.

खरे काय घडले होते? ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर धरून निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते बाटलीत आधीपासून वाढत असते, तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. हे सारे उपलब्ध असूनही न्याय मिळायला वर्षे लागली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे मांडले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळ त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९२५ साली त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

मुलकोवालच्या १९ जणांना आम्ही विसरू इच्छित नाही. लसीची बाजू घेताना तिच्या नावावर झालेले मृत्यू झाकले, तर लोकांचा विश्वास उरत नाही. उलट, त्या मृत्यूंचे कारण न शोधता लसच वाईट ठरवली, तर पुढच्या साथीत अधिक माणसे मरतात. चूक कोठे झाली हे शोधून ती सुधारणे, हाच सत्याचा मार्ग आहे. ज्या धनुर्वाताने त्यांना नेले, त्याच्या विषाची धार बोथट करून पुढे त्याचीही लस तयार झाली. आज ती आपल्या बाळांना आणि गरोदर मातांना दिली जाते. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. देवी तर १९८० साली जगातूनच हद्दपार झाल्याचे घोषित झाले.

२०२१ साली करोनाची लस आली, तेव्हा जुनेच प्रश्न पुन्हा आपल्या घरांत विचारले गेले. ते विचारणे गैर नाही. भीती बाळगणाऱ्या आईला अडाणी म्हणून झिडकारू नये. तिला उत्तर द्यावे, ताप येऊ शकतो हेही सांगावे, आणि सांगणाऱ्याने आधी स्वतःचा हात पुढे करावा. हाफकिन यांनी हेच केले. लस शरीराला शिकविते. लसीपर्यंत माणसाला आणण्याचे काम मात्र माणसांनाच, प्रेमाने आणि सत्याने, करावे लागते.

ज्या पूर्वजांनी क्रूसापाशी गुडघे टेकले, त्यांच्यातील कित्येकांनी लसीसाठी बाहीही वर केली असेल. या दोहोंत त्यांना विरोध वाटण्याचे कारण नव्हते. आपल्यालाही तो वाटू नये. घरातील लहानग्यांचे लसीकरणाचे कार्ड आज एकदा काढून पाहावे, एखादी लस राहिली असल्यास ती देऊन घ्यावी, एवढीच वाचकांना आमची विनंती.