चेनसॉने झाड पाडताना घ्यावयाची दक्षता

चेनसॉ अर्थात साखळी करवतीने उभे झाड पाडताना धोका केवळ धावत्या साखळीचा नसतो; तोल सुटलेले खोडही तितकेच घातक ठरते. यासाठी आधी झाडाचा कल, वारा आणि वर लोंबणाऱ्या वाळक्या फांद्या पाहाव्यात. मागे तिरकस निघण्याची वाट मोकळी ठेवावी. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात अन्य कोणी नसावे.

झाड ज्या बाजूस पाडायचे, त्या बाजूस प्रथम खोडाच्या व्यासाच्या सुमारे एक चतुर्थांश खोल खाच घेतात. नंतर मागून छेद देतात. मात्र तो खाचेला भिडू देत नाहीत. मध्ये व्यासाच्या सुमारे एक दशांश जाडीची लाकडाची अखंड पट्टी राखतात. दाराच्या बिजागरीप्रमाणे तीच झाडाला दिशा देते. घाईत ती कापली गेल्यास खोड कोणत्याही बाजूस वळू शकते.

पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकताच करवत चालकाच्या तोंडाकडे उसळते. ती दोन्ही हातांनी घट्ट धरावी, खांद्याच्या वर नेऊ नये. शिरस्त्राण, चष्मा, कानांचे संरक्षण व जाड बूट आवश्यक आहेत. आपल्याकडे चपला घालून हे काम करणारे सर्रास दिसतात. पडताना शेजारच्या झाडात अडकलेल्या झाडाखाली कधीही जाऊ नये.