ड्युप्लेक्स घर: वास्तुविशारद हवा की आरेखक?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या परिसराला दुमजली घराची कल्पना नवी नाही. चाळीतल्या खोलीच्या उंच छताखाली घातलेला पोटमाळा हाच गिरणगावातील अनेक कुटुंबांचा दुसरा मजला होता. गिरगावच्या खोताच्या वाडीतील जुन्या घरांत वरच्या मजल्यावर नेणारे बाहेरचे लाकडी जिने आजही दिसतात. पुनर्विकासानंतर या कल्पनेला ‘ड्युप्लेक्स’ हे नाव मिळाले. कुठे नव्या इमारतीतील एकावर एक असे दोन फ्लॅट आतून जिना काढून जोडले जातात, तर कुठे वडिलोपार्जित घराच्या जागी दोन भावांसाठी दुमजली वास्तू उभी राहते. अशा वेळी पहिला प्रश्न पडतो तो नकाशा कोणाकडून काढून घ्यायचा, हा. वास्तुविशारदाचे शुल्क बहुधा बांधकामखर्चाच्या टक्केवारीत असते, आरेखक मात्र नकाशामागे ठरावीक रक्कम घेतो. त्यामुळे अनेकांचा कल दुसऱ्याकडे झुकतो. परंतु हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. नकाशाची जबाबदारी कोण घेणार, हा त्यातील खरा मुद्दा आहे.

दोन व्यवसाय, एक उगम

मुंबईत या दोन्ही व्यवसायांचे मूळ एकच आहे. सर जे. जे. कला विद्यालयात १८९६ मध्ये आरेखकांचा वर्ग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण आकाराला आले. आज मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. वास्तुविशारद पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करून ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’कडे नोंदणी करतो. आरेखक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन वर्षांचा स्थापत्य आरेखनाचा अभ्यासक्रम किंवा पदविका घेऊन या क्षेत्रात येतो. अचूक मोजमापे घेणे आणि ठरलेला आराखडा बारकाव्यांसह कागदावर उतरवणे हे त्याचे कौशल्य. मोठ्या वास्तुविशारदांची कार्यालयेही याच कौशल्यावर चालतात.

कायदा काय सांगतो?

‘वास्तुविशारद कायदा, १९७२’च्या कलम ३७ नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. हे कलम उपाधीच्या वापरापुरते असून त्याने आराखडे करण्याच्या कामावर बंदी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे आरेखकाने नकाशा काढणे हा गुन्हा नाही. तथापि मुंबईत केवळ नकाशा काढून काम भागत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३३७ नुसार नव्या बांधकामाची आणि कलम ३४२ नुसार फेरफारांची सूचना महापालिकेला द्यावी लागते. त्यासोबतचे नकाशे व देखरेखीची हमी नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्वेक्षक यांचीच लागते. ‘आयओडी’पासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत महापालिका याच व्यक्तीला जबाबदार धरते. या साखळीत आरेखकाच्या सहीला स्थान नाही.

स्लॅब कापताना

रंगकाम, गिलावा, लाद्या बदलणे ही किरकोळ दुरुस्ती होय. दोन फ्लॅट जोडण्यासाठी स्लॅबला भोक पाडणे मात्र त्यात बसत नाही. स्लॅब कापली की तिच्यावरचा भार आजूबाजूच्या तुळयांवर व खांबांवर जातो, आणि त्या तो पेलतील की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनीअरच सांगू शकतो. शिवाय सोसायटीची संमती आणि महापालिकेची परवानगीही हवी. डॉकयार्ड रोड येथील बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोसळून ६१ जणांचा बळी गेला, तेव्हा तळमजल्यावरील गोदामात झालेल्या फेरफारांवर तपासाचा रोख होता. घाटकोपरमध्ये २५ जुलै २०१७ रोजी चारमजली इमारत कोसळून १७ जण दगावले, तेथेही तळमजल्यावरील नूतनीकरणाचा विषय पुढे आला. खालच्या घरात झालेल्या बदलाची किंमत वरच्या बिऱ्हाडांना मोजावी लागू शकते, ती अशी.

उपकरप्राप्त इमारतीत

चाळ उपकरप्राप्त असेल, तर प्रश्न आणखी वेगळा होतो. ३३(७) खालील पुनर्विकासात पात्र रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर मिळते. रहिवाशांची यादी व त्यांच्या ताब्यातील क्षेत्र म्हाडाचे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ प्रमाणित करते. एकाच कुटुंबाच्या दोन खोल्या असतील आणि त्यांच्या बदल्यात दुमजली घर हवे असेल, तर ही मागणी आराखडा मंजुरीला जाण्यापूर्वीच सोसायटीच्या वास्तुविशारदापुढे लेखी मांडणे श्रेयस्कर. इमारत उभी राहिल्यावर जिना काढणे खर्चिक आणि जोखमीचे ठरते. पोटमाळ्यालाही दुसरा मजला समजू नये. राहत्या खोलीला साधारणपणे २.७५ मीटर उंची लागते, ती पोटमाळ्याला मिळत नाही.

मग आरेखक कधी पुरेसा?

राहत्या घराचा मोजणी नकाशा, फर्निचरची मांडणी, स्वयंपाकघराच्या ओट्याचे तपशील, सुताराला द्यायची रेखाटने या कामांसाठी कुशल आरेखक पुरेसा ठरतो व खर्चही आटोक्यात राहतो. खांब, तुळई, स्लॅब, बाहेरची भिंत किंवा जिना यांपैकी कशालाही हात लागणार असेल, तर मात्र वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्वेक्षक आणि त्याच्या जोडीला स्ट्रक्चरल इंजिनीअर हवाच. वास्तू वारसा यादीत असेल, तर त्याची नियमावलीही पाहावी लागते.

निवड करताना

वास्तुविशारदाचा नोंदणी क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो. तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हेही तपासावे. कामाची व्याप्ती, शुल्काचे टप्पे आणि प्रत्यक्ष जागेवरील भेटींची संख्या करारात लिहून घ्यावी. नकाशा एकाचा आणि सही दुसऱ्याची, अशी सोय कोणी सुचवली तर सावध व्हावे. ज्याची सही आहे त्याने जागा पाहिलेली असावी, ही किमान अपेक्षा आहे. जागा न पाहता केलेल्या सहीने परवानगी मिळेलही, पण ज्या तुळईवर सारा भार येणार आहे ती कोणीच तपासलेली नसेल.